मदत हवी आहे: गावच्या मैदानासाठी सर्वे कसा करावा?

राम राम मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मैदानाचा विषय मांडायचा आहे. ओपन जिम की कबड्डीचं मैदान, यावर पारावर फक्त पुरुषच बोलतात. मुलींना, म्हाताऱ्या माणसांना काय हवं हे कोणी विचारत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. जनगणनेचे आकडे २०११ चे, त्यावरून आजची पोरं कशी मोजणार? म्हणून नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या यादीतून दर पाचवं घर घेण्याचा बेत आहे. पण तांड्यावर घरं कमी. तिथली सगळीच घेतली, तर गावाची टक्केवारी काढताना हिशेब कसा जुळवायचा? सध्या कापूस वेचणी चालू, बाया दिवसभर वावरात. त्यामुळे संध्याकाळीच फिरू. कोणाकडे अशी प्रश्नावली असेल तर पाठवा ना.