अनुभव धागा: कॉलेजातलं संख्याशास्त्र आणि उताऱ्यावरचे प्रश्न

गोदाकाठ
काल भाचा पीक विम्याचा कागद घेऊन बसला होता. "मामा, हे उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते तो आकडा, कसं काढायचं?" मागच्या सात वर्षांतली चांगली पाच निवडायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं, म्हणजे विम्यानं ठरवलेल्या टक्क्यानं, गुणायचं. आपल्याकडं 70 टक्के. पोरगं बी.कॉम.ला आहे, सरासरी झोपेत काढील. पण पुन्हा पुन्हा वाचून शेवटी सातही वर्षांची बेरीज करायलं!

त्यावरून अंबाजोगाईचं कॉलेज आठवलं. आमचे संख्याशास्त्राचे सर आधी पेन खाली ठेवायला लावायचे. एकानं गणित मोठ्यानं वाचायचं. मग सर विचारणार, "काय दिलंय? काय मागितलंय? आणि काय दिलेलंच नाही?" तिसऱ्या प्रश्नाला सगळा वर्ग गार. सूत्रं गाईडात मिळत होती, हे कुठंच मिळत नव्हतं. माझं तर मत आहे की आपल्याकडची निम्मी पोरं आकड्यांपर्यंत पोचतच नाहीत, मजकुरातच अडकतात.

तुमचं सांगा. बी.ए., बी.एस्सी., डी.एड., स्पर्धा परीक्षा, काहीही चालेल.

तुरीचं वरण
स्पिअरमनचं सहसंबंधाचं सूत्र!!! एक वजा, वर 6 सिग्मा डी वर्ग, खाली एन कंसात एन वर्ग वजा 1. झोपेतून उठवून विचारा. कशाला वापरतात ते तेवढं विचारू नका. कुकर लावलाय, येते नंतर.

मोंढ्यातला
बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, आम्हाला बुटांच्या मापावरून शिकवला. दुकानदारानं कोणत्या मापाचे बूट जास्त ठेवावे वगैरे. वर्गातल्या निम्म्यांच्या पायात स्लीपर. घरी बापूंना सांगितलं तर म्हणले, हे तर आम्ही रोजच बघतो. बाजार समितीच्या फळ्यावर तीन आकडे असतात ना, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. समजा सोयाबीन 3800, 4500 आणि 4200. बापू म्हणायचे, "4500 एखाद्याच्या चार पोत्याला भेटतो आन् गावभर तोच आकडा फिरतो. जास्तीत जास्त माल कितीनं गेला ते तिसऱ्या रकान्यात बघ." बापू चौथी शिकलेले. पेपरात मी तेच उदाहरण लिहिलं, पैकीच्या पैकी.

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि मोंढ्यात बहुलक 😂

मोंढ्यातला
@परभणीकर तुमच्याकडं आज कापूस काय गेला?

परभणीकर
इकडं नका विचारू, तोंड कडू होतंय.

स्टडीरूमवाला
उताऱ्यांचं मी सांगतो. 2013 ला राज्यसेवा पूर्वपरीक्षेला सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर, आला. 80 प्रश्न, 200 मार्क, दोन तास, आणि त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवर. औरंगाबादला (तेव्हाचं) आम्ही चौघं एका खोलीत. एक रूममेट जालन्याकडचा, पेपर रोज आडवा-उभा वाचणारा, जीएस (सामान्य अध्ययन) तोंडपाठ. पण उताऱ्यात हमखास मार्क घालवायचा. एकदा उतारा होता ऊस आणि भूजलावर. याच्या गावात टँकर चालू. उताऱ्यात लिहिलं होतं की ठिबकमुळं पाणी वाचू शकतं. यानं पर्याय निवडला "ऊस बंद करावा". आम्ही म्हटलं, आरं हे लिहिलंय कुठं? म्हणे, "लिहायला कशाला पाहिजे, मला माहीत हाय ना!" खरं तर तो चुकीचं बोलत नव्हता. पण प्रश्न लेखक काय म्हणतो हा होता, त्याच्या गावात काय चाललंय हा नव्हता. पुढं तो प्रत्येक उत्तराला ओळ दाखवायचा. ओळ सापडली नाही की पर्याय कट. लागला नंतर, मंत्रालयात आहे.

रानवारा
लातूर पॅटर्न करून आलेले आम्ही. सराव, सराव आणि सराव. सहसंबंधाची गणितं त्यानं निघतात, शंकाच नाही. उतारा मात्र दर वेळी नवा, तिथं पाठांतर काय करणार. कॉलेजला गेल्यावर कळलं की आपण दोन वर्षं प्रश्नच वाचले नाहीत, फक्त ओळखले. "हा त्या टाइपचा आहे" म्हणायचं आणि सोडवायला लागायचं.

औंढ्याची पोरगी
नांदेडला होस्टेलवर तिघींत एक पुस्तक. एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकून आलेख काढायचा, तिसरीनं चहा. ते "पेक्षा कमी" आणि "पेक्षा जास्त" असे दोन वक्र असायचे बघा, ओजाइव्ह. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथून खाली सरळ रेघ मारायची, आडव्या अक्षावर मध्यक, म्हणजे बरोबर मधला आकडा, मिळतो. माझी पेन्सिल बोथट, रेघ हरभऱ्याएवढी जाड. मध्यक 42 पण येऊ शकतो आणि 44 पण 😄 मैत्रीण सूत्रानं काढायची आणि मग माझी रेघ तिच्या उत्तराकडं "सरकवायची". आता ती बँकेत आहे, बोलायचं काम नाही.

निवृत्त मास्तर
पीक विम्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. उत्पादनाचा अंदाज ज्यावरून काढतात त्या पीक कापणी प्रयोगाच्या संख्याशास्त्रात आपल्या साताऱ्याकडच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं मोठं काम आहे. तुकडा लहान घ्यावा की मोठा यावर त्यांचा दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी वाद झाला होता. लहान तुकड्यात कडेची झाडं प्रमाणानं जास्त येतात, कापणारा नकळत ती आत धरतो आणि उत्पादन फुगून दिसतं, हा सुखात्म्यांचा मुद्दा. विद्यार्थ्यांना मी शेतात नेऊन दाखवायचो. 10 बाय 5 मीटरचा तुकडा आखायचा, म्हणजे 50 चौरस मीटर. तिथं जे वजन येईल त्याला 200 नं गुणलं की हेक्टरी उत्पादन. दोरी कडेच्या ओळीच्या आतून की बाहेरून, यावर पोरांची भांडणं लागायची. वजनात अर्धा किलो इकडचा तिकडं झाला की हेक्टरी थेट क्विंटलचा फरक! हे पाहिल्यावर आखण्या-मोजण्यातली त्रुटी वेगळी शिकवावी लागली नाही.

गोदाकाठ
@निवृत्त मास्तर सर, हे भाच्याला वाचून दाखवतो.

परभणीकर
आन् पावसाचं काय? अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पाहिजे. आमच्या शिवारात नाल्याला पूर, बांध वाहून गेले, आणि मंडळाचं मापक चार कोसावर, तिथं नुसता शिडकावा. सगळ्या मंडळाचा पाऊस एका भांड्यावरून ठरतो. एन बरोबर 1, म्हणजे नमुना एकच. कॉलेजात असा नमुना घेतला असता तर सरांनी वही फेकली असती.

तुरीचं वरण
आले. वरण उतू गेलं. इथं पावसापर्यंत कसे पोचलात?

रानवारा
मराठवाड्यात कुठूनही निघा, पावसावरच येतो आपण.

तुरीचं वरण
हे खरं. बरं, त्या होस्टेलच्या चहावालीला विचारा, साखर किती टाकायची. आमच्याकडं मेसचा चहा म्हणजे पाणी.

औंढ्याची पोरगी
@तुरीचं वरण ती साखर टाकायचीच नाही, गूळ. घरून आणलेला.

बीएस्सी_सेकंड
मोठ्या लोकांनो, एक शंका. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढताना खाली एन घ्यायचा की एन वजा 1? गाईडात दोन्ही दिलंय. उद्या पेपर आहे.

निवृत्त मास्तर
बाळा, पूर्ण समष्टीची, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या गटाची, माहिती दिली असेल तर एन. नमुना घेऊन समष्टीचा अंदाज करायचा असेल तर एन वजा 1. कारण आपण विचलन मोजतो ते नमुन्याच्याच सरासरीपासून, त्यामुळं वर्गांची बेरीज थोडी कमी भरते. ती उणीव एन वजा 1 नं भागून भरून काढतात.

औंढ्याची पोरगी
आणि प्रश्न नीट वाच. नमुना घेतलाय असं कुठं म्हटलंय का?

बीएस्सी_सेकंड
हो की, पहिल्याच ओळीत आहे. "यादृच्छिकपणे निवडलेली 10 शेतं". थँक्यू काका.

औंढ्याची पोरगी
काका कुणाला म्हणायला रे 🙄 नाव वाच की.

बीएस्सी_सेकंड
ते मास्तरांना म्हणलं ताई 🙏 पळतो, सहसंबंध अजून बाकी आहे.

तुरीचं वरण
स्पिअरमन असेल तर मला विचार!!