मदत हवी आहे: सीडी ड्राइव्ह नसलेल्या जुन्या नेटबुकवर ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कशी टाकायची?

नमस्कार मंडळी,

बाबांचा २००९ चा नेटबुक आहे, १० इंची, ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क. सीडी ड्राइव्ह त्याला मुळातच नाही, तेव्हा त्याचंच कौतुक होतं, किती हलका म्हणून. आत विंडोज एक्सपी आहे, पण आता सुरू होता होता निळी स्क्रीन येते, परत रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन, असं दिवसभर चालू राहतं. नवीन लॅपटॉप घेऊन देतो म्हटलं तर बाबांना तोच हवाय, सोसायटीच्या हिशोबाची शीट त्यातच आहे ना.

आत्तापर्यंतचे माझे उद्योग: कपाटात एक्सपीची सीडी सापडली, ती मित्राच्या डेस्कटॉपवर घालून सगळ्या फाइली ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केल्या, नेटबुकला लावला, ढिम्म. मग एकाने सांगितलं लिनक्स टाक, म्हणून लिनक्स मिंटची नवी आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची इमेज फाइल) उतरवली, रुफस या टूलने त्यापासून बूट होणारा पेनड्राइव्ह बनवला, यावेळी निदान काळ्या स्क्रीनवर अक्षरं तरी आली: 'धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड ॲन आय६८६ सीपीयू'. आणि तिथेच ठप्प.

दुकानवाला म्हणतो बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर घ्या, त्याशिवाय होणार नाही. खरंच घ्यावा लागेल का?

प्रतिसाद १:
अजिबात घेऊ नका! डीव्हीडीवरून घातलं तरी हाच मेसेज येणार. पेनड्राइव्ह बरोबर बनलाय, मेसेज दिसला म्हणजे बूट झालाच की. अडचण अशी की एन२७० फक्त ३२ बिटचा आहे आणि मिंट २० पासून पुढे ६४ बिटचीच येते. आणि कॉपी-पेस्टवाला का चालला नाही, तर जुना बायॉस (मशीन चालू होताच चालणारा आतला प्रोग्राम) फाइली बघतच नाही, तो आधी पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमधला बूट कोड शोधतो, तो काही कॉपी-पेस्टने येत नाही. रुफससारखं टूल तेच काम करतं.
अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिट आयएसओ घ्या, जुन्या मशीनसाठीच बनवलेली आहे. रुफसमध्ये डिस्कच्या मांडणीसाठी एमबीआर ही जुनी पद्धत निवडा, जीपीटी ही नवी नको, तुमच्याकडे यूईएफआय (बायॉसचा नवा अवतार) नसणार. एक्सपीचा नाद सोडा, त्याचं सेटअप सीडी गृहीत धरूनच लिहिलेलं आहे, पेनड्राइव्हवरून करायला गेलात तर मधेच फाइल सापडत नाही म्हणून बसेल. शिवाय त्याचे अपडेट २०१४ लाच बंद झाले.

प्रतिसाद २:
मिंटच हवी असेल तर एलएमडीई ६ (मिंटचीच डेबियनवर आधारलेली आवृत्ती) ची ३२ बिट मिळते की.

प्रतिसाद १:
मिळते, पण १ जीबीत तिचा सिनॅमन डेस्कटॉप म्हणजे बाबा चहा पिऊन येतील तरी मेनू उघडलेला नसेल. :)

धागाकर्ता:
थँक्यू! पण शीटचं काय? इन्स्टॉल केल्यावर डिस्क पुसली जाणार ना?

प्रतिसाद ३:
म्हणूनच लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालवा, डिस्कला हात लागत नाही, एक्सपीचं पार्टिशन उघडून बाबांच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या. आणि तिथूनच स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम) चालवून डिस्क तपासा, निळी स्क्रीन डिस्क जात आल्यामुळेही येते, तसं असेल तर त्यावर नवीन ओएस टाकून काय फायदा.
अजून एक, अशा बऱ्याच बायॉसमध्ये पेनड्राइव्ह 'रिमूव्हेबल'खाली दिसत नाही, हार्ड डिस्कच्या यादीत दिसतो, तिथे त्याला एक नंबरवर आणावं लागतं. मी यात एक रविवार घालवलाय.

धागाकर्ता:
झालं!! पेनड्राइव्ह हार्ड डिस्कच्या यादीतच लपला होता. लाइव्ह सुरू झालं, शीट कॉपी केली, लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित उघडली. डिस्क तपासली, 'पास्ड' म्हणतेय आणि खराब सेक्टर शून्य, तेव्हा उद्या इन्स्टॉल करतो. बाबा मागे उभे राहून विचारतायत मराठी टाइप होईल का?

प्रतिसाद १:
होईल. कीबोर्ड लेआउटमध्ये भारत निवडून मराठी कगप फोनेटिक घ्या. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट्स-देवा पॅकेज टाका.