पोरसू (परसबाग) करायला वर्ग कशाला हवेत?

माडाखालचा (डिचोली, गोवा):
आमच्या वाड्यावर दर रविवारी तीन-चार स्वयंसेवक येतात आणि देवळाच्या ओट्यावर बसून परसबाग शिकवतात. फुकट. माणसे चांगली आहेत, हेतूही चांगला. पण ज्या गावात आषाढात दारोदार दोडक्याचे मांडव असायचे, तिथे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) नि ब्रोकोली? आमची आई चुलीवर टांगलेल्या दुधीतले बी काढून राखेत घोळवून ठेवायची. ती कुठल्या वर्गाला गेली होती? पोरसू मोडले ते माहिती नाही म्हणून नव्हे, कोणाला हात मळवायचे नाहीत म्हणून. वर्ग घेऊन हे कसे बदलणार?

तिसरा मजला (पर्वरी):
काका, तुम्हाला तशी आई होती. माझ्या घरी तांबडी भाजी (लाल माठ) बाजारातूनच यायची. बी इतके बारीक असते, ते वाळूत कालवून भुरभुरायचे, हे मला अशाच वर्गात कळले. महिन्याभरात काढायला येते. गेल्या हिवाळ्यात बाल्कनीतल्या दोन क्रेटमधून घरापुरती भाजी निघाली. बेळगावहून येणाऱ्या भाजीला त्याने काही फरक पडत नाही, मान्य. पण भाजी कशी होते हे माझ्या मुलाला आता ठाऊक आहे.

रोखठोक:
फुकट म्हणून येतात, चहा पिऊन जातात. शंभर रुपये फी लावा, निम्मे गळतील. तसेही हे काम शेतकी खात्याचे.

शेवग्याची शेंग (फोंडा):
मी पाच वर्षे शिकवते आहे, म्हणून थोडे लांबण लावते. ब्रोकोलीबद्दल माडाखालचे बाब बरोबर बोलतात. पहिल्या वर्षी मीच घाटावरचा एक व्हिडिओ पाहून बारा घरांना जूनमध्ये गच्चीवर टोमॅटो लावायला सांगितले. इथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सगळी रोपे कुजली. तोंड दाखवायची लाज वाटली.

आमची जांभ्याची माती मुळात आंबट, त्यात पाऊस तिच्यातला कस धुऊन नेतो. म्हणून आता पावसात भेंडी, काकडी, दोडकी, तीही उंच वाफ्यावर. वांगी, मुळा, नवलकोल दिवाळीच्या सुमारास. फेब्रुवारीत अंगणातला पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाळू देत नाही, खड्ड्यात कुजवायला लावते. खरे शिकवणे वर्गात नाही, नंतर घरोघरी जाऊन रोपांची पाने उलटून पाहण्यात आहे. आणि माकडांवर माझ्याकडेही उपाय नाही.

माडाखालचा:
मग वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवा आणि तुम्ही खाली बसा की.

शेवग्याची शेंग:
बसवले होते हो. आजी म्हणाल्या, "बी घालायचे, येते." झाला वर्ग! नवख्याचे तेवढ्यावर भागत नाही, बाब. त्यांच्या हाताला जे कळते ते कोणीतरी विचारून विचारून काढावे लागते.

माडाखालचा:
आमची आत्याही असेच बोलते. बरे, माझ्याकडे सात शिरांच्या भेंडीचे मूठभर बी आहे, घरचे. इथल्या वर्गाला रविवारी नेतो. ब्रोकोलीवाल्याला मात्र एक दाणा देणार नाही.