पैशाला विरोध, पण करार कंपनीशी?

पैशावर टीका करणारे पंक (बंडखोर रॉक संगीताचा एक प्रकार) बँड मोठ्या कंपन्यांकडूनच रेकॉर्ड काढत होते, म्हणून त्यांची गाणी दांभिक, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला पटत नाही. द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडने १९७७ मध्ये सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, हे खरं. पण त्याच वर्षी कंपनीने त्यांना न विचारता एक गाणं सिंगल (एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड) म्हणून काढलं, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध 'कम्प्लीट कंट्रोल' हे गाणं लिहिलं, आणि तेही सीबीएसच्याच रेकॉर्डवर आलं. मालकाविरुद्धची तक्रार मालकाच्याच छापाखाली ऐकवायला धाडस लागतं.

त्यांचंच 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' पुन्हा ऐका. त्यात भांडवलशाहीवर भाषण नाही. बेरोजगार पोरांपुढे टाकल्या जाणाऱ्या नोकऱ्यांची नावं येतात, बीबीसीत चहा करण्यापर्यंत, आणि प्रत्येकीला नकार. नुसत्या घोषणांपेक्षा हे कितीतरी जास्त बोचतं.

आणि सगळेच पंक बँड मोठ्या कंपन्यांकडे गेले नाहीत. क्रास हा बँड रेकॉर्डच्या कव्हरवरच 'यापेक्षा जास्त देऊ नका' म्हणून किंमत छापायचा. फुगाझी या अमेरिकन बँडने कार्यक्रमांची तिकिटं बराच काळ ५ डॉलरच्या आसपास ठेवली आणि रेकॉर्ड आपल्या गायकाच्याच डिस्कॉर्ड या छोट्या रेकॉर्ड कंपनीतर्फे काढले. त्यांच्या ओळींना वजन आहे ते या हिशेबामुळे.