डोबझान्स्कींच्या माशीतली इन्व्हर्जन्स: वंशवृक्ष कसा निघतो, आणि स्क्वॉश का बिघडतो?

चिलट: एमएस्सीच्या सेमिनारला जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्कींचं ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीवरचं काम घेतलंय. दोन ठिकाणी गाडी अडलीय. तिसऱ्या गुणसूत्रातल्या इन्व्हर्जन्सचा (उलटलेल्या तुकड्यांचा) वंशवृक्ष त्यांनी आणि सहकारी स्टर्टेव्हंटनी नुसत्या पट्ट्यांवरून काढला तो कसा? दुसरं म्हणजे प्रात्यक्षिकही दाखवायचंय, पण अळीच्या लाळग्रंथींच्या स्क्वॉशमध्ये (ग्रंथी काचेवर दाबून केलेल्या स्लाइडमध्ये) गोळाच दिसतो, गुणसूत्रांच्या भुजा सुट्या होत नाहीत. अळ्या 25 अंशांवरच्या, ऑर्सिन रंग 5 मिनिटं.

पट्टेवाला: वंशवृक्षाचं कागदावर करून बघा. समजा पट्ट्यांचा मूळ क्रम क ख ग घ च छ ज ट. यातला ख ते च तुकडा उलटला की क च घ ग ख छ ज ट. आता घ ते ज उलटवा: क च ज छ ख ग घ ट. पहिल्यावरून तिसऱ्यावर एका उडीत जाता येत नाही, मधला क्रम लागतोच. उलटलेले तुकडे एकमेकांवर चढलेले असले तरच ही युक्ती चालते. वेगवेगळ्या जागी असतील तर कोण आधी ते कळत नाही. स्टँडर्ड आणि सँटा क्रूझ या मांडण्यांच्या (पट्ट्यांच्या क्रमांच्या) मध्ये असाच एक दुवा धरावा लागला, त्याचं नावच 'हायपोथेटिकल'. सेमिनारमध्ये हमखास निसटतं ते हे, की साखळीला दिशा नसते. सुरुवात कुठल्या टोकाची (की मधली?) ते पट्टे सांगत नाहीत.

हे सगळं 1933 नंतरच शक्य झालं, कारण लाळग्रंथीतल्या जाड गुणसूत्रांचे पट्टे पेंटरनी तेव्हा वापरात आणले. स्टर्टेव्हंट-डोबझान्स्कींचा पहिला निबंध 1936 चा.

लाळग्रंथी: स्क्वॉशचं दुखणं बहुधा अळ्यांतच आहे. 25 अंशांवर गर्दीत वाढलेल्या अळीच्या ग्रंथी लहान राहतात, गुणसूत्रं बारीक. बाटलीत 8-10 माद्या एक दिवस अंडी घालू द्या, मग काढून टाका. बाटली 18 अंशांवर ठेवा (वाढीला जवळपास दुप्पट वेळ लागेल) आणि अळ्या दिसू लागल्या की वर यीस्टची पातळ पेस्ट घाला. काचेवर चढू लागलेली जाड अळी घ्यायची. कोष धरल्यावर उशीर झाला.

0.7 टक्के मिठाच्या पाण्यात एक सुई तोंडाच्या काळ्या आकड्यांवर, दुसरी अंगाच्या मध्यावर, आणि सावकाश ओढा. काचेसारख्या पारदर्शक दोन पिशव्या त्या ग्रंथी. बाजूची पांढरी चरबी पूर्ण काढा, नाहीतर कव्हरस्लिप खाली बसतच नाही. 45 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये मिनिटभर, मग लॅक्टो-ॲसेटो-ऑर्सिनमध्ये 15-20 मिनिटं. वर झाकण, रंग वाळता कामा नये. कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या रबराने आधी हलके ठोके द्या, भुजा त्यानेच सुट्या होतात. मग फिल्टर पेपरखाली अंगठ्याने सरळ दाब. कव्हरस्लिप तसूभर सरकली तरी गुणसूत्रांच्या वळकट्या होतात.

चिलट: आभार! तुकडा उलटा असला तर क्रॉसिंग ओव्हरमुळे (जोडीतल्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे) वंध्यत्व यायला हवं ना? आणि ही निवड आहे, योगायोग नव्हे, हे कशावरून?

पट्टेवाला: नर ड्रॉसोफिलात क्रॉसिंग ओव्हर सहसा होतच नाही. मादीत होतं, पण सेंट्रोमिअर (गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं ती जागा) तुकड्याबाहेर असला तर पूल झालेली गुणसूत्रं ध्रुवपिंडांत (अंड्यासोबत बनणाऱ्या टाकाऊ पेशींत) अडकतात आणि अंड्यात न बदललेलं गुणसूत्र जातं. म्हणून अंडी फारशी वाया जात नाहीत, आणि अख्खा तुकडा पिढ्यान्पिढ्या एकगठ्ठा उतरतो.

निवडीचा पुरावा दुहेरी. कॅलिफोर्नियातल्या सॅन जॅसिंटोवर, पिन्यॉन फ्लॅट्सला, मार्च ते जून स्टँडर्डचं प्रमाण उतरायचं, चिरिकाहुआ या दुसऱ्या मांडणीचं चढायचं, उन्हाळ्यात उलट. मग डोबझान्स्कींचे राइट यांच्यासोबतचे, पेटीत माश्या वाढवून केलेले प्रयोग (1946): 25 अंशांवर स्टँडर्ड सुमारे 70 टक्क्यांवर येऊन थांबतं, पूर्ण जिंकत नाही, म्हणजे दोन्ही मांडण्या असलेली माशी सरस. 16.5 अंशांवर मात्र प्रमाण हलतच नाही. योगायोगाचा वाटा पाहायचा तर 1957 चा पावलोव्स्कींबरोबरचा प्रयोग वाचा: 20 माश्यांपासून सुरू केलेल्या पेट्या 4000 वाल्यांपेक्षा एकमेकींपासून जास्त पांगल्या.

लाळग्रंथी: एक राहिलं. प्रयोगशाळेतल्या ओरेगॉन-आर माशीत लूप (उलटा आणि सरळ तुकडा जुळताना पडणारा वेढा) शोधत बसू नका, तो शुद्ध स्टॉक आहे. फळबाजारात पिकल्या केळ्याचा सापळा लावून ड्रॉसोफिला अनानासी धरा. तिच्यात तीन इन्व्हर्जन्स जगभर आढळतात, 2एल, 3एल आणि 3आर भुजांवर (आकडा गुणसूत्राचा, एल डावी, आर उजवी). प्रत्येक जंगली मादीची वेगळी नळी करून तिची एकेक अळी तपासा. अळीमागे दोन गुणसूत्रं मोजायची.