‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की बंदी?

प्रश्न: आमच्याकडे लोन ‘सँक्शन’ झालं की पेढे वाटतात. काल बातम्यांत ‘रशियावर सँक्शन्स’ ऐकून आई म्हणाली, "त्यांनाही कर्ज मिळालं का गं?" हसले, पण उत्तर सुचेना. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे?

उत्तर १: बँकेत कर्जविभागात ३१ वर्षं घासली, तेव्हा हा शब्द माझा सख्खा. मूळ लॅटिन, पवित्र, अटळ ठरवून दिलेला हुकूम. हुकमाला मान्यता आली आणि मोडल्यास शिक्षाही. मान्यता कर्जाच्या फायलीत आली, शिक्षा राजकारणात गेली. १९९८ साली पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्यावर लादली ती यातली दुसरी, म्हणजे शिक्षा. ओळखायची खूण: अनेकवचन आणि पुढे ‘ऑन’ दिसलं की बहुधा निर्बंध. मात्र क्रियापद फसवं! ‘सँक्शन्ड लोन’ मिळालेलं, ‘सँक्शन्ड बँक’ मात्र वाळीत टाकलेली. आईंना सांगा, कर्ज नाही, उलट नाकाबंदी.

उत्तर २: वीजबिलावरचा ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे मंजूर भार. मराठीत मंजुरी आणि निर्बंध असे दोन स्वच्छ शब्द असताना हा गोंधळ हवा कशाला?

प्रश्नकर्ती: आईला सांगितलं. म्हणते, "मग आपल्याला पेढे का वाटायला लावले? वीस वर्षं हप्तेच तर भरतोय!"