मदत हवी आहे : पडद्यावरचे लेस्बियन बार

रॉबर्ट ऑल्ड्रिच यांच्या १९६८ सालच्या ‘द किलिंग ऑफ सिस्टर जॉर्ज’ या चित्रपटातील क्लबचा प्रसंग लंडनच्या चेल्सी भागातील गेटवेज या तळघरातल्या खऱ्या क्लबात चित्रित झाला असून, एकमेकींना बिलगून संथ लयीत नाचणाऱ्या त्या बायका तिथे नेहमी येणाऱ्याच होत्या. ओळख उघड होण्याची धास्ती असूनही त्या कॅमेऱ्यासमोर आल्या, हे मला कथानकापेक्षा मोलाचे वाटते. क्लब १९८५ मध्ये बंद झाला. १९९२ च्या ‘फॉरबिडन लव्ह’ या कॅनडातील माहितीपटात जुन्या बारच्या आठवणी स्त्रिया स्वतः सांगतात. खऱ्या जागा आणि तिथली खरी माणसे दाखवणारे आणखी चित्रपट कोणाला ठाऊक असल्यास कृपया नाव व साल कळवावे. याविषयी मराठीत काही लिहिले गेले असल्यास तेही हवे आहे.